नेल टेक्निशियनचा कोर्स करायचाय? पार्ल्यात फी भरण्याआधी हे विचारा

‘सात दिवसांत नेल आर्टिस्ट बना.’ ‘घरबसल्या कमाई सुरू करा.’ ‘सरकारमान्य सर्टिफिकेट, किट फ्री, फक्त पाच जागा शिल्लक.’

विलेपार्ले, अंधेरी किंवा सांताक्रूझला राहणाऱ्या कुणी एखादं नेल आर्टचं रील शेवटपर्यंत पाहिलं, की पुढे आठवडाभर फीडमध्ये अशा जाहिरातींची रांग लागते. बारावीनंतर काहीतरी हातात कौशल्य हवं असलेल्या मुली, मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा कमवायचं ठरवणाऱ्या बायका, आधीपासून पार्लर चालवणाऱ्या ताई, सगळ्याच त्यावर क्लिक करतात. फी भरतानाचे पैसे बहुतेकदा साठवलेले असतात, नाहीतर उसने घेतलेले. त्यामुळे कोर्स फसला तर नुसता एक आठवडा वाया जात नाही.

धंदा मात्र खोटा नाही. नखांचं काम पूर्वी पार्लरमध्ये थ्रेडिंग-फेशियलच्या जोडीला होणारं किरकोळ काम होतं, आता त्याचे वेगळे स्टुडिओ आहेत. पार्ले वेस्टला जुहूच्या बाजूला, अंधेरीत लोखंडवालाला, पुढे वांद्र्याला हे स्टुडिओ दिसतातच, पण पार्ले ईस्टच्या जुन्या पार्लरच्या पाटीवरही आता ‘नेल एक्स्टेन्शन’ लिहिलेलं असतं. प्रश्न एवढाच, की शिकायचं कुठे आणि कोर्स बरा आहे की नाही हे ओळखायचं कसं?

रीलमध्ये दिसतं ते काम निम्मंच

नेल आर्ट म्हणजे फुलं, खडे, चकाकी, फ्रेंच टिप. हा या कामाचा दिसणारा भाग आहे, आणि शिकायला तुलनेने सोपाही. पण ग्राहक परत येते ती फुलासाठी नाही. लावलेलं नख तीन आठवडे न उचलता, न तुटता टिकलं म्हणून ती परत येते.

ते टिकणं ठरतं रंगाच्या आधीच्या कामावर. नखावर चिकटलेली मेलेली कातडी काढणं, तेलकटपणा घालवणं, नखाचा थर खरवडला जाणार नाही इतपतच बफिंग करणं, मग बेस, मग जेल किंवा ॲक्रिलिकला योग्य ठिकाणी जाडी देणं. नखाच्या मधोमध थोडा उंचवटा ठेवला नाही, तर लांब नख पहिल्या धक्क्याला मोडतं आणि कधीकधी खालचं खरं नखही सोबत घेऊन जातं.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलीमीटर वाढतं. म्हणूनच दोन-तीन आठवड्यांनी मुळाशी फट दिसते आणि ‘रिफिल’ करावं लागतं. या धंद्याची नियमित कमाई त्यातूनच येते. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की नवशिक्या हाताने ड्रिल मशीन जोरात दाबून नख पातळ केलं, तर ते पूर्ण बदलून यायला चार ते सहा महिने लागतात. तेवढे महिने ती ग्राहक तुमचं नाव घेत राहणार, आणि चांगल्या अर्थाने नाही.

आणखी एक गोष्ट पार्ल्यातल्या ग्राहकांबद्दल. आपल्याकडे भात हाताने कालवला जातो, कणीक हाताने मळली जाते. रीलमधली दोन इंची टोकदार नखं लग्नाच्या आठवड्यासाठी ठीक असतात. वर्षभर नियमित येणाऱ्या बाईला बहुतेकदा आखूड, नीट, टिकाऊ जेल पॉलिश हवं असतं आणि त्यासोबत स्वच्छ मॅनिक्युअर-पेडिक्युअर. जो कोर्स मॅनिक्युअर-पेडिक्युअर वगळून थेट एक्स्टेन्शनवर उडी मारतो, तो रोजच्या भाकरीचं काम शिकवतच नाही.

‘सरकारमान्य’ म्हणजे नक्की कोणाची मान्यता?

जाहिरातीत सर्वांत जास्त गोंधळ या शब्दाचा आहे. भारतात नखांचं काम करायला कुठलंही सरकारी लायसन्स लागत नाही. त्यामुळे ‘हे सर्टिफिकेट नसेल तर काम करता येणार नाही’ असं कुणी सांगत असेल, तर तिथूनच सावध व्हा.

‘आयएसओ सर्टिफाइड अकॅडमी’ या पाटीचा अर्थ संस्थेच्या कारभाराची पद्धत एका मानकानुसार तपासली गेली, एवढाच. अभ्यासक्रम चांगला आहे की वाईट, याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘एमएसएमई रजिस्टर्ड’ म्हणजे उद्यम पोर्टलवर केलेली नोंदणी. ती फुकट असते, ऑनलाइन होते, आणि उद्या तुम्ही तुमच्या पार्लरचीही करू शकता. गुमास्ता म्हणजे दुकान चालवण्याची नोंद. यातलं काहीही कोर्सची मान्यता नव्हे, पण हे सगळं एका सर्टिफिकेटवर छापलं की कागद भारदस्त दिसतो.

मग खरी मान्यता कुठली? केंद्र सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा लागू केला. त्यात कामांना पातळ्या ठरवून दिल्या आहेत. सौंदर्य क्षेत्रासाठी ‘ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल’ आहे आणि सगळ्यांवर देखरेख ठेवायला ‘एनसीव्हीईटी’ ही नियामक संस्था. कुठलीही पात्रता मान्य आहे की नाही, हे राष्ट्रीय पात्रता नोंदवहीच्या वेबसाइटवर कुणालाही शोधता येतं. अकॅडमीला एवढंच विचारा: ‘या कोर्सचा नोंदवहीतला कोड काय? परीक्षा कोण घेतं, तुम्ही की बाहेरचा परीक्षक?’ खरी मान्यता असेल तर उत्तर पटकन मिळतं. ‘मॅडम, सगळं सरकारमान्यच आहे’ हे उत्तर नाही.

परदेशी नावांचंही तसंच. सिडेस्को ही १९४६ साली सुरू झालेली, झुरिचमधून चालणारी संस्था. आयटेक आणि सिबटॅक या ब्रिटनमधल्या. त्यांची परीक्षा भारतात देता येते आणि मोठ्या स्पा किंवा क्रूझवर काम करायचं असेल तर त्यांचा उपयोगही होतो. पण अशा वेळी अकॅडमीचं नाव त्या संस्थेच्या अधिकृत केंद्रांच्या यादीत आहे का, ते त्यांच्याच साइटवर जाऊन पाहा. भिंतीवरची फ्रेम पुरावा नव्हे.

‘जगभर चालणारं सर्टिफिकेट’ ही तर सरळ थाप आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात मॅनिक्युरिस्टच्या लायसन्ससाठी ४०० तासांचं प्रशिक्षण आणि वर राज्याची परीक्षा लागते, न्यूयॉर्कमध्ये २५० तास. आपल्याकडचा कुठलाही कागद दाखवून तिथे सरळ टेबलावर बसता येत नाही.

तास मोजा, दिवस नाही

ते ४०० तास जरा आपल्या जाहिरातीशेजारी ठेवून बघा. ‘पाच दिवसांचा मास्टर कोर्स’ म्हणजे रोज चार तास धरले तर २० तास. त्यात आठ जणींची बॅच, एक शिक्षिका, मधे चहा आणि रील शूट. प्रत्यक्ष तुमच्या हातात ब्रश किती वेळ असेल?

लगेच निष्कर्ष काढू नका, छोटा कोर्स नेहमीच वाईट नसतो. दहा वर्षं पार्लर चालवणाऱ्या ताईला स्वच्छता, ग्राहकाशी बोलणं, मॅनिक्युअर हे सगळं येत असतं. तिला फक्त जेल एक्स्टेन्शन शिकायचं असेल तर पाच दिवस पुरू शकतात. पण शून्यापासून सुरू करणाऱ्या मुलीला तोच कोर्स अपुरा पडणार. सुरुवातीला एक पूर्ण सेट करायला तीन-चार तास लागतात. हात बसला की तेच काम दीड-दोन तासांवर येतं. हा हात बसायला सेटमागून सेट करावे लागतात, त्याला दुसरा रस्ता नाही.

म्हणून ‘कोर्स किती दिवसांचा?’ यापेक्षा ‘कोर्समध्ये मी जिवंत माणसाच्या हातावर किती पूर्ण सेट करणार?’ हे विचारा. प्लास्टिकच्या प्रॅक्टिस हँडवर सगळं छान बसतं, कारण त्याला घाम येत नाही, तो हात हलवत नाही आणि ‘आई गं, भाजतंय’ म्हणत नाही. मॉडेल अकॅडमी आणणार की तुम्हालाच मैत्रिणी गोळा कराव्या लागणार, हेही आधीच ठरवून घ्या. आणि लावायला शिकवतात तसं काढायलाही शिकवतात का? एक्स्टेन्शन काढणं हे लावण्याइतकंच कौशल्याचं काम आहे. नखं खराब होतात ती बहुधा तिथेच.

ज्याबद्दल जाहिरात बोलत नाही: रसायनं

कोर्स निवडताना सगळ्यात जास्त वजन याला द्यावं, असं आमचं मत आहे. कारण इथे प्रश्न ग्राहकाच्या नखाचा आहेच, पण त्याहून जास्त तुमच्या हातांचा आहे.

जेल आणि ॲक्रिलिक दोन्हींत ॲक्रिलेट गटातली रसायनं असतात. दिव्याखाली किंवा हवेत ती एकमेकांना जोडली जाऊन कडक होतात. पूर्ण कडक झालेलं जेल फारसा त्रास देत नाही. अर्धवट कडक झालेलं किंवा ओलं जेल कातडीला पुन्हा पुन्हा लागत राहिलं, तर ॲलर्जी जडू शकते: बोटांना खाज, भेगा, फोड, कधी नख सुटणं. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. ही ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. आणि याच गटातली रसायनं दाताच्या काही फिलिंगमध्ये आणि सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटमध्येही वापरतात, त्यामुळे प्रश्न नखांपुरता उरत नाही. नेल टेक्निशियनला ही ॲलर्जी झाली, तर शिकलेलं काम तिला सोडावं लागू शकतं.

ती टाळायची कशी, हे काही गुपित नाही. जेल कातडीवर पसरू द्यायचं नाही. नायट्राइल हातमोजे वापरायचे आणि लागले की बदलायचे. बाटली ज्या दिव्यासाठी बनली आहे त्याच ताकदीचा दिवा, तितकाच वेळ वापरायचा. स्वस्तातला दिवा आणि भलत्याच ब्रँडचं जेल यांची जोडी जमली, की वरून नख कडक दिसतं आणि आतून कच्चं राहतं. हे शिकवायला एक तास पुरतो. तरी कित्येक छोट्या कोर्सच्या वेळापत्रकात तो तास नसतो.

युरोपने याबाबत कडक पावलं उचलली आहेत. हेमा नावाचं रसायन असलेली नखांची उत्पादनं तिथे फक्त व्यावसायिकांनीच वापरायची, असा नियम २०२० मध्ये झाला. जेल कडक व्हायला मदत करणाऱ्या टीपीओ या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपियन संघात पूर्ण बंदी आली. ही बंदी प्राण्यांवरच्या अभ्यासांच्या आधारे, प्रजननक्षमतेला असलेल्या संभाव्य धोक्यामुळे आहे. तेव्हा घाबरून जाण्यापेक्षा लेबल वाचायची सवय लावलेली बरी. अमेरिकेत तर एमएमए हे द्रव्य नखांचं नुकसान करतं म्हणून १९७० च्या दशकातच सरकारने कारवाई केली होती. त्याची खूण सोपी आहे: वास फार उग्र, नख घासायला अतिशय कठीण, आणि ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवलं तरी ते नीट सुटत नाही.

दिव्याबद्दलही ग्राहक विचारतातच. जानेवारी २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा दिव्याखाली पेशी सलग २० मिनिटं ठेवल्या तेव्हा त्यातल्या २० ते ३० टक्के मेल्या. बातम्या खूप झाल्या. पण त्या बशीतल्या पेशी होत्या, माणसाचा हात नव्हता, आणि जेलला सलग २० मिनिटं लागतही नाहीत. ग्राहकाला सनस्क्रीन लावायला सांगणं किंवा बोटं कापलेले मोजे देणं, एवढी काळजी पुरेशी समंजस आहे. शिक्षिकेला हा अभ्यास माहीत आहे का, हे डेमोच्या दिवशी सहज विचारून बघा.

स्वच्छतेचंही तेच. पार्लरमध्ये निळा दिवा असलेली जी पेटी ‘स्टरिलायझर’ म्हणून ठेवलेली असते, ती अवजारं खऱ्या अर्थाने निर्जंतुक करत नाही, स्वच्छ केलेली अवजारं ठेवायला ती ठीक. निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्ह लागतो: १२१ अंश सेल्सिअस, वाफेचा दाब, १५ ते २० मिनिटं. रक्त निघू शकेल अशी धातूची अवजारं एकीच्या बोटावरून दुसरीच्या बोटावर जात असतील, तर अकॅडमी कितीही गुलाबी असो, तिथे शिकू नका.

किट ‘फ्री’ असतं का?

नसतं. ते फीमध्ये धरलेलं असतं. त्यामुळे किटमधल्या वस्तूंची यादी ब्रँडच्या नावासकट लेखी मागा आणि मग इर्ल्याला एक चक्कर मारा. पार्ल्यात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. कॉस्मेटिक्सच्या सामानासाठी उपनगरांतून लोक इर्ल्याच्या बाजारात येतात, तुम्हाला ते चालत गाठता येतं. यादीतल्या वस्तूंचे दर विचारून बेरीज केली की फीतला किती भाग शिकवण्याचा आणि किती डबा भरण्याचा, ते कळतं.

घेताना बाटली उलटी करून वाचा. कॉस्मेटिक्सच्या २०२० च्या नियमांनुसार आयात केलेल्या वस्तूवर आयात नोंदणी क्रमांक आणि ती नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव-पत्ता लागतो. इथे बनलेल्या वस्तूवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि वापरण्याची मुदत. ज्या बाटलीवर फक्त सुंदर फूल आणि परक्या लिपीतला मजकूर आहे, ती किटमध्ये फुकट मिळाली तरी महाग पडेल.

फी, हप्ते आणि उधारी

सांगितलेली फी जीएसटीसह आहे की वेगळा, हे पहिल्याच फोनवर विचारा. खासगी प्रशिक्षणावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ३० हजारांच्या फीवर वर ५,४०० रुपये. जीएसटी घेत असतील तर पावतीवर त्यांचा जीएसटी क्रमांक हवाच. क्रमांक नाही आणि तरी कर लावलाय, असं असेल तर निघून या.

‘नो कॉस्ट ईएमआय’ जास्त जपून. बऱ्याचदा तो अकॅडमीचा हप्ता नसतो, तुमच्या नावावर घेतलेलं एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. अकॅडमी बंद पडली किंवा तुम्ही मधेच सोडलं, तरी हप्ता चालू राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने सगळा खर्च एका पानावर मांडणारं पत्रक द्यायलाच हवं, आणि डिजिटल कर्जात सुरुवातीची छोटी मुदत असते जिच्यात ते परत फेडून बाहेर पडता येतं. अर्धी फी आता, अर्धी मध्यावर, अशी थेट विभागणी मान्य करणारी जागा शोधणं केव्हाही बरं.

एखाद्या इन्फ्लुएन्सरने अकॅडमीचं कौतुक केलं असेल तर व्हिडिओवर ‘जाहिरात’ किंवा ‘पेड’ असा उल्लेख आहे का बघा. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने तसं उघड करणं बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं आहे. त्याऐवजी सहा महिन्यांपूर्वीच्या बॅचमधल्या दोघींचे नंबर अकॅडमीकडून मागा. त्या आज काम करतायत का, एवढं एकच विचारा.

कमी पैशातले रस्ते

हे रील्समध्ये दिसत नाहीत, कारण त्यांना जाहिरात करायची गरज नसते. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास लागतं, प्रवेश राज्याच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. त्यात केस, त्वचा, नखं सगळं येतं, म्हणजे नखं हा एक भागच. पण त्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र कुठेही दाखवता येतं. हा ट्रेड मुंबईतल्या कुठल्या आयटीआयमध्ये आहे, ते त्या वर्षीच्या प्रवेश यादीत पाहावं.

दुसरा रस्ता जन शिक्षण संस्थानचा. ही योजना मुळात मुंबईचीच. कामगारांसाठी देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ १९६७ मध्ये इथे सुरू झालं, त्याचंच पुढे जन शिक्षण संस्थान झालं. शाळा अर्धवट सुटलेल्या, १५ ते ४५ वयोगटातल्या लोकांसाठी तिथे अगदी कमी फीत ब्युटी केअरसारखे कोर्स चालतात. नेल एक्स्टेन्शनची चमक तिथे मिळणार नाही. पण पाया तिथे घालून, मग एक्स्टेन्शनचा छोटा खासगी कोर्स केला, तर एकूण खर्च बराच खाली येतो आणि त्या छोट्या कोर्समधून जास्त घेताही येतं. शून्यातून सुरुवात करणाऱ्या बहुतेकींना आम्ही हाच क्रम सुचवू.

आणि ज्या ताई वर्षानुवर्षं काम करतायत पण कागद नाही, त्यांना नव्याने शिकायची गरजच नाही. कौशल्य विकास योजनेत ‘आधीच्या कौशल्याची मान्यता’ अशी सोय आहे: मूल्यमापन द्यायचं आणि प्रमाणपत्र घ्यायचं.

डेमोला कधी जायचं?

ठरवून दिलेल्या डेमोच्या वेळेला सगळं चकाचक असतं. शक्य असेल तर आधी न कळवता, बॅच चालू असताना जा. पंखा किंवा एक्झॉस्ट चालू आहे का, धूळ ओढणारं यंत्र टेबलावर आहे का, शिकणाऱ्यांनी मोजे आणि मास्क घातलेत का, शिक्षिका टेबलापाशी आहे की फोनवर, हे पाच मिनिटांत दिसतं. नुसत्या वासानेही डोकं दुखायला लागलं, तर तिथे महिनाभर बसायचं आहे हे आठवा.

फी भरलीच तर वेळापत्रक, किटची यादी, परताव्याची अट हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना, पण लिखित घ्या आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण रील उद्या डिलीट होऊ शकतं. कबूल केलेलं मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि पहिला प्रश्न पावतीचाच असतो.